दिवस गच्च भरला की कामं का तुंबतात?

आमच्या बेळगावात, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर एक वाद अधूनमधून पेटतो. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करायला हवं. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं 90 तासांचं बोलणं गाजलं. रविवारी घरी बसून बायकोच्या तोंडाकडं किती वेळ बघणार, असंही ते वर विचारून बसले. तेव्हापासून टपरीवर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, राबल्याशिवाय कोण वर आलंय? दुसरा म्हणतो, "खरं त्यांच्या घरात दळण आणायला कोण जातंय, ते विचार की."

मी छोट्या कारखान्यांचे आणि दुकानांचे हिशेब लिहितो, जीएसटीचे रिटर्न भरतो. त्यामुळं वाद ऐकला की हात आधी कॅल्क्युलेटरकडं जातो. आठवड्याचे तास 168. रोज आठ तास झोप धरली तर 56 गेले, उरले 112. त्यातून 90 तास कामाला दिले की हातात 22 राहतात, म्हणजे दिवसाला तीन तास आणि वर काही मिनिटं. अंघोळ, जेवण, बाजार, पोरांचा अभ्यास, आईचं औषध, सगळं तेवढ्यातच. खानापूरहून रोज येणाऱ्याचे त्यातले दीड-दोन तास बसमध्येच जातात.

आता 48 तासांचा हिशेब बघा. कारखान्यांसाठी आठवड्याला 48 तासांची मर्यादा 1948 च्या कायद्यात घातली गेली. 112 मधून 48 गेले तर 64 उरतात, दिवसाला नऊ तासांहून थोडे जास्तच. बरीच श्रीमंती झाली. तरीही 48 तासवाला माणूस माझ्या टेबलासमोर बसून तेच म्हणतो, "सर, वेळच मिळंना." तो खोटं बोलत नसतो. मग तास जातात कुठं, आणि उरलेले तास असूनही नसल्यासारखे का वाटतात?

आधी वही उघडा

दुकानदार "धंद्यात काही राहत नाही" म्हणाला की मी त्याच्याशी वाद घालत नाही, वही मागतो. वेळेचंही तसंच करता येतं, आणि सरकार ते करतंही. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये वेळ वापर सर्वेक्षण केलं. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ही देशभरातली मोजणी. 2024 चे आकडे फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झाले.

त्याची पद्धत मला फार आवडली. "तुम्ही रोज किती काम करता?" असा प्रश्न विचारून सोडून देत नाहीत. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खान्यांत मांडायचा आणि प्रत्येक खान्यात काय केलं ते लिहायचं. एकूण खाने 48. दिवस पहाटे चारला सुरू करण्यात शहाणपण आहे. रात्री बाराला सुरू केला तर झोपेचे दोन तुकडे होतात आणि जागरण कुठल्या दिवसात मोजायचं ते कळत नाही.

एका गिऱ्हाइकानं दिवाळीत दिलेली डायरी पडून होती, तिच्यात मी हे करून पाहिलं. माझी समजूत अशी की मी रोज दहा तास राबतो. वहीत हिशेबाचं खरं काम निघालं साडेपाच तास. फोन, "जरा एवढं बघा की सर" म्हणत आलेली माणसं आणि न सापडणारी बिलं यांत तीन तास गेले. उरलेल्या दीड तासात मी काय केलं, हे त्याच संध्याकाळी मला आठवेना. कुणा गिऱ्हाइकाच्या गल्ल्यात असा फरक निघाला असता तर मी त्याला झोपू दिलं नसतं.

तुम्हीही करून बघा, पण एकच दिवस लिहू नका. एक साधा कामाचा दिवस घ्या, एक शनिवार घ्या, एक रविवार घ्या. शनिवारचं पान आमच्याकडं बाजारामुळं वेगळंच निघतं. आणि लिहिताना लाजू नका. "मोबाईल" हा शब्द माझ्या वहीत एका रविवारी सात खान्यांत आला.

दुसऱ्या गेटाजवळचं गणित

आता मुख्य मुद्द्यावर येतो. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ दुपारी तीनला गेट पडलं तर चार-दोन गाड्या थांबतात. रेल्वे जाते, गेट उघडतं, रस्ता लगेच मोकळा. संध्याकाळी सहाला तेच गेट तेवढाच वेळ पडतं, पण उघडल्यावर पुढची पंधरा मिनिटं हॉर्न थांबत नाहीत. रेल्वे तीच, गेटही तेच. फरक एवढाच की दुपारी रस्त्यावर मोकळी जागा होती आणि संध्याकाळी नव्हती.

आपल्या दिवसाचंही असंच होतं. गेट प्रत्येकाच्या दिवसात पडतं. पोराला ताप येतो, गाडी पंक्चर होते, सर्व्हर बंद पडतो. मोकळा दिवस हा अडथळा पचवतो, गच्च दिवस तो पुढं ढकलत नेतो.

याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. एर्लांग नावाच्या डॅनिश अभियंत्यानं टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कॉलचा अभ्यास करून 1909 मध्ये त्यावर पहिला लेख लिहिला. आज बँकेतल्या काउंटरपासून कारखान्यातल्या मशीनपर्यंत ते वापरतात. त्यातला एकच शब्द आपल्याला हवा, तो म्हणजे भार. हाती असलेल्या वेळेतला किती भाग कामानं भरलेला आहे, त्याची टक्केवारी.

समजा, तुमचं एक काम सरासरी अर्ध्या तासाचं आहे आणि कामं ठरवून न येता केव्हाही येतात. भार 50 टक्के असेल तर नव्यानं आलेल्या कामाला सरासरी अर्धा तास थांबावं लागतं. 80 टक्के असेल तर दोन तास, 90 टक्के असेल तर साडेचार तास आणि 95 टक्के असेल तर साडेनऊ तास. पुन्हा वाचा. 90 वरून 95 वर जाताना काम पाचच टक्के वाढलं, पण थांबण्याचा वेळ दुपटीच्या वर गेला. 100 टक्क्यांना गणित हात टेकतं, रांग वाढतच जाते.

आपण मात्र शंभर टक्के भरलेल्या दिवसाला आदर्श मानतो. "एक मिनिट रिकामा नसतो" हे कौतुकानं सांगतो. संध्याकाळी सहाचा तो रस्ता पूर्ण वापरात असतो, म्हणून त्याचं कौतुक कुणी करत नाही.

म्हणून माझा सल्ला एवढाच आहे, आणि बाकीचा लेख त्याच्याच आजूबाजूचा आहे: दहा तासांच्या दिवसात साडेआठ तासांचीच कामं ठरवा, दीड तास कुणाच्याही नावावर लिहू नका. "पण तो तास कुणीतरी येऊन खाणारच की," असं तुम्ही म्हणाल. खाऊ दे. तो त्याच्यासाठीच ठेवलाय. अग्निशमनची गाडी दिवसभर उभी असते म्हणून तिच्यातून कुणी वाळू वाहत नाही.

माझ्या धंद्यात हे दर महिन्याला दिसतं. 11 तारखेला विक्रीचा तपशील भरायचा, 20 तारखेला मुख्य रिटर्न. पूर्वी 18, 19 आणि 20 हे तीन दिवस मी काठोकाठ भरायचो आणि 20 ला कुणीतरी खरेदीची बिलं पिशवीत घालून संध्याकाळी पाचला उगवायचा. आता 17 ला माझ्या बाजूनं काम संपलं असं धरून चालतो. पिशवीवाला अजून पाचलाच येतो, मी मात्र त्याच्यावर ओरडत नाही.

जॉब बदलला की सेटिंग आलंच

दीड तास मोकळा ठेवायचा तर आणायचा कुठून? बऱ्याचदा तो आपल्याकडं असतोच, फक्त भुगा होऊन पडलेला असतो.

उद्यमबागेतल्या कुठल्याही सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, ऑपरेटरला विचारा. दोनशे नगांचा एक जॉब लागला असेल तर मशीन सुखानं चालतं. मधेच मालक येऊन म्हणाला, "हे पाच पीस आधी काढ," की जॉब काढा, टूल बदला, सेटिंग करा, पहिला पीस मोजून बघा, आणि पाच पीस झाले की पुन्हा सगळं उलटं करा. पाच पिसांचा वेळ किरकोळ, सेटिंगचा मोठा. म्हणून शहाणा मालक एका प्रकारची कामं एकत्र लावतो.

डोक्यालाही सेटिंग लागतं. सोफी लेरॉय या संशोधिकेनं 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळं बिघडतं. ताळेबंद जुळवताना मोबाईलवर गल्लीच्या ग्रुपचा मेसेज आला आणि तुम्ही नुसता वाचला, उत्तरही दिलं नाही, तरी सेटिंग मोडतं.

यावर उपाय फार थोर नाही. फोन परत करायचे ते दिवसातून दोनदा, एकगठ्ठा. ऑनलाइन बिलं, गॅस, विमा, शाळेची फी हे सगळं आठवड्यातून एका बसणीत. बाजाराच्या एका फेरीत चार कामं. आमच्या आया हे न शिकता करत होत्या. त्या गणपत गल्लीत जायच्या तर येताना शिंप्याकडून ब्लाऊज आणि घड्याळवाल्याकडून घड्याळ घेऊनच यायच्या.

अंदाज दर वेळी कमीच का पडतो?

दीड तास मोकळा ठेवला असं आपण समजतो, पण कामांचा अंदाजच चुकतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला चुकतो. दोन तासांचं म्हणून धरलेलं काम चार तास घेतं. एका तासात उरकलं, असं क्वचितच होतं.

डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या चुकीकडं बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अंदाज बांधताना माणूस काम सुरळीत चाललेलं डोळ्यांसमोर आणतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते बघत नाही. घर बांधणाऱ्याला विचारा. प्रत्येकाला दुसऱ्याचं बांधकाम रखडलेलं माहीत असतं आणि आपलं मात्र दिवाळीपर्यंत होईल असं वाटतं.

आमच्या भागात यात एक जादा पदर आहे. जमिनीचा उतारा काढायचा, रेशनकार्डात नाव घालायचं, तर अर्ज आणि कागद कन्नडमध्ये. ज्याला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, त्याला आधी वाचून देणारा माणूस शोधावा लागतो. "अर्ध्या दिवसाचं काम" म्हणून घरातून निघालेला शेतकरी दुपारी माझ्याकडं कागद घेऊन बसलेला असतो. त्यानं आपल्या दिवसात हे वाचून घेण्याचे दोन तास धरलेलेच नसतात, आणि खरं सांगायचं तर मीही माझ्या दिवसात धरलेले नसतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: मनाला विचारू नका, मागचं पान बघा. मागच्या तीन वेळी किती लागले, त्याची सरासरी घ्या. काम पहिल्यांदाच करत असाल तर जो करून बसलाय त्याला विचारा आणि त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवा, आपल्या हुशारीवर नको.

याच्या उलटी एक गोष्टही खरी आहे. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 मध्ये गमतीनं लिहिलं होतं की हाती जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगतं. म्हणून कामाला शेवटची वेळ द्या आणि दिवसाला मोकळी जागा द्या. कामाला मोकळी जागा दिलीत तर ते पाय पसरतं.

"नाळे बा" कुणाला म्हणायचं?

नव्वदच्या दशकात कर्नाटकात एक अफवा पसरली होती. रात्री एक चेटकीण दारावर थाप मारते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते, आणि दार उघडलं की संपलं. म्हणून लोकांनी दारांवर लिहून ठेवलं, "नाळे बा." म्हणजे, उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री येते, पुन्हा वाचते. कन्नड न येणाऱ्या मराठी माणसालाही हे दोन शब्द ठाऊक आहेत.

तातडीची कामं त्या चेटकिणीसारखी असतात. दार वाजवतात, आणि आवाज ओळखीचा काढतात. "दोनच मिनिटं दादा." "आत्ताच्या आत्ता पाठव की." तातडीचं आणि महत्त्वाचं हा फरक अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1954 च्या एका भाषणात सांगितला होता, आणि त्यांनीही तो एका माजी कॉलेजप्रमुखाच्या नावावर घातला होता. तेव्हापासून त्याचे चार चौकोन काढून शिकवतात. मला चौकोनांपेक्षा दार जास्त पटतं.

कारण महत्त्वाची कामं दार वाजवतच नाहीत. शुगर तपासून घ्या, असं सांगायला कोण येत नाही. पोरगी आता पीयूसीला, म्हणजे अकरावीला जाणार, तिच्याशी बसून बोलायला हवं, याचं स्मरणपत्र येत नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, वडिलांच्या नावची जमीन वारसांच्या नावावर करणं, सकाळचं फिरणं ही सगळी मुकी कामं. आपण पाटी चुकीच्या दारावर लावतो. मुक्या कामांना रोज "नाळे बा" म्हणतो आणि थाप मारणाऱ्याला आत घेतो.

म्हणून मुक्या कामाला वार आणि वेळ देऊन टाकायची, गिऱ्हाइकाला देतो तशी. मराठा लाईट इन्फंट्रीच्या भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पाचला रस्त्यानं पळताना दिसतात. ती "वेळ मिळाला तर पळू" असं म्हणत नाहीत. त्यांची वेळ आधी ठरलेली असते, बाकीचा दिवस तिच्याभोवती बसतो.

आणि थाप मारणाऱ्याला उद्या ये म्हणालो तर तो रागावेल का? माझा अनुभव असा की तीनातला एक रागावतो, एक खरंच उद्या येतो आणि एकाचं काम माझ्यावाचून झालेलं असतं.

"हे सगळं ऑफिसवाल्यांचं. आमचा वेळ आमच्या हातात कुठाय?"

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. त्याला टोलवून पुढं जाणं बरं नाही.

शेतीपंपाला थ्री फेज वीज दिवसाला साधारण सात तास, आणि ती कधी दिवसा, कधी रात्री. ज्याची पाळी रात्रीची, त्याच्या दिवसाचं वेळापत्रक वायरीतून येतं. निपाणीत बिडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार बिड्यांमागं मिळते. तिला "दीड तास मोकळा ठेवा" म्हणणं म्हणजे दीड तासाची मजुरी सोडा म्हणणं. ज्याचं पोट नगावर चालतं त्याच्यासाठी मोकळा वेळ फुकट नसतो.

अभ्यासक याला वेळेची गरिबी म्हणतात. झोप, जेवण आणि टाळता न येणारी कामं वजा केली की स्वतःचा म्हणावा असा वेळच उरत नाही, ती अवस्था. पैशाची गरिबी असलेल्या घरात ती जास्त असते आणि एकाच घरात बाईच्या वाट्याला जास्त येते. 2024 च्या सर्वेक्षणात बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं जात होती, पुरुषांची 88. शिवाय हे आकडे जे घरकाम करतात त्यांचेच आहेत. 2019 मध्ये बायकांचा आकडा 299 होता. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली. एका कपभर चहाएवढी.

ही गरिबी डायरीनं जात नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं. ती नळानं जाते, बसनं जाते, पाळणाघरानं जाते. बेळगाव शहरातल्या 58 पैकी 10 प्रभागांत 2008 पासून चोवीस तास पाण्याची योजना आहे. त्या प्रभागातली बाई आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी जागी राहणारी बाई यांच्या आठवड्यातला फरक कुठल्याही वेळ-व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवता येणार नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारच्या साध्या बसमधून फुकट प्रवास मिळतो. त्याची चर्चा पैशाचीच होते. पण तिकिटाचे पैसे वाचवायला जी चालत जात होती, तिचा वेळही वाचला. (शिनोळीच्या पलीकडची, महाराष्ट्रातली बाई मात्र तिच्या एसटीत अर्ध्या तिकिटावर आहे. दहा मिनिटांच्या अंतरावर दोन हिशेब.) बसमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही, हेही तितकंच खरं.

तरीही या लोकांनी वही लिहू नये असं मी म्हणणार नाही. एका शेतकरी गिऱ्हाइकानं उसाच्या हंगामात आठवडाभर लिहिली. त्याला कळलं की रात्रीच्या पाण्यानंतरची दुपारची झोप तो "आळस" समजून टाळत होता आणि त्या दिवशी हमखास काहीतरी मोडून ठेवत होता. कधी विळा, कधी बायकोशी बोलणं. आता तो दुपारी झोपतो आणि वहीत "काम" असं लिहितो.

मग आराम म्हणजे काय? आळसच की

पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी कुणी नांगर घेऊन शेतात जात नाही. वाफसा येण्याची वाट बघतात. मातीच्या कणांमधली सगळी जागा पाण्यानं भरलेली असेल तर मुळांना हवा मिळत नाही आणि नांगर घातला तर नुसती ढेकळं निघतात. पाणी थोडं ओसरलं, त्या जागेत हवा शिरली, की वाफसा. ती हवा दिसत नाही, तिचं पीक निघत नाही, पण ती नसेल तर पेरलेलं कुजतं. आरामाचं काम हे एवढं आणि असंच.

सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या लोकांच्या दिवसाचा 11 टक्के वेळ करमणूक, खेळ, टीव्ही-मोबाईल यांत गेला. 2019 मध्ये तो 9.9 टक्के होता. 1,440 मिनिटांच्या दिवसात 11 टक्के म्हणजे दोन तास 38 मिनिटं. कमी नाहीत. तरी आराम मिळाल्यासारखं का वाटत नाही? शंभराची नोट खिशात असली की आपण विचार करून मोडतो, तेच शंभर सुट्टे असले की संध्याकाळपर्यंत कधी गेले ते कळत नाही. मोबाईलवरचा आराम असा चिल्लरमध्ये येतो, पाच-पाच मिनिटांचा.

नोट न मोडता ठेवायची सोय आमच्या भागात जुनी आहे. तालमीत जाणारा माणूस लंगोट बांधल्यावर मेसेज बघू शकत नाही. भजनात टाळ हातात असतो, म्हणजे फोन नसतो. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं होतात, तिथं रविवारचा दिवस अख्खा जातो आणि गेल्याचं वाईट वाटत नाही. आराम गावाच्या वेळापत्रकात बसवलेला होता, एकट्याच्या इच्छाशक्तीवर सोडलेला नव्हता. माझ्या मते फरक तिथंच पडतो.

एक सावधगिरी. शिवजयंतीचा चित्ररथ, गणपतीचा देखावा हा आराम तुम्ही कार्यकर्ते असेपर्यंतच असतो. मंडळानं तुम्हाला खजिनदार केलं की ते कर्तव्य झालं. हिशेबनीस माणसाला खजिनदार करण्याची आमच्या गल्लीत फार वाईट खोड आहे.

आणि माझी वही?

हे सगळं मी घरी उत्साहानं सांगितलं. बायको मेथी निवडत होती. म्हणाली, "अहो, तुमची वही झाली. माझी कोण लिहिणार?"

मग एका गुरुवारी रात्री ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. सर्वेक्षणातल्यासारखे 48 खाने. माझ्या खान्यांत एकेक गोष्ट होती, तिच्या खान्यांत तीन-तीन मावेनात. साडेपाच ते सहा: कुकर लावला, पाणी भरत होते, धाकटीची वेणी. "आराम" कुठं लिहू विचारलं तर म्हणाली, आठ ते साडेआठ सिरियल. त्या खान्यात मेथीही होती. शंभर टक्क्यांना गणित हात टेकतं असं मी वर लिहिलंय. माझ्या स्वयंपाकघरात ते अठरा वर्षं चाललंय आणि रांग दिसत नाही, कारण ती रांग तिच्या झोपेत शिरते.

दळण माझ्याकडं आलं. पाणी येतं त्या रात्री मी उठायचं ठरलं. मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ तिच्या पानावर रेघ मारली, तिथं कुणी काही लिहायचं नाही. पहिल्या मंगळवारी ती घरातच बसली आणि दोनदा स्वयंपाकघरात डोकावली. तिसऱ्या मंगळवारी विठ्ठल मंदिरात भजनाला गेली. जून बरा गेला.

मग जुलै आला. आयकराच्या रिटर्नची तारीख जवळ आली आणि माझी पानं पहाटेपासून रात्रीपर्यंत एकाच शब्दानं भरली. परवा वही चाळताना दिसलं, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दळणाचा डबा पुन्हा तिच्या खान्यात लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात.